सुभद्राबाईंची फियाट आणि बिनज्योतीची आरती

राजाराम तोंडवळकर ज्या गाडीच्या बॉनेटखाली वाकले ती गाडी पुन्हा धावली, अशी नायगावच्या बीडीडी चाळीत त्यांची ख्याती. वय बहात्तर, पण दरबारात मुजरा करावा तसे थाटात वाकायचे.

त्या दिवेलागणीला मात्र मुजरा काही फळेना. पुढ्यात सुभद्राबाईंची जुनी फियाट. पुनर्विकासासाठी सकाळी चाळ रिकामी करायची होती. गाडी स्वतःच्या इंजिनावर निघाली तर दादरला बाईंच्या भावाकडे जाणार, नाहीतर क्रेनला लटकून भंगारात. आणि कार्बोरेटरपाशी पेट्रोल गळत होतं. पंपाची दांडी हाताने मारली की नळीच्या नटावर थेंब हजर!

राजारामांनी नट आवळला. थेंब. आणखी आवळला. थेंब. येणारा-जाणारा प्रत्येक जुना गिरणी कामगार ‘माझा एक पीळ’ म्हणून पाना फिरवून जाई.

"आता पान्याला हात लावलात तर तुमचाच गळा आवळीन!" राजाराम गरजले.

तेवढ्यात सुभद्राबाई पेटलेलं निरांजन घेऊन जिन्यावरून उतरल्या. मागे अख्खी चाळ, टाळांसकट.

"बाई, तिथेच थांबा! पेट्रोल गळतंय!"

"रे राजाराम, आमच्या ह्यांनी ओवाळल्याबिगर गाडी कधी बाहेर काढली नाय."

"आज ओवाळलंत तर तुमच्या ह्यांना आपण सगळेच वर भेटू!"

"मग बिनज्योतीची आरती करू? देवाक काय सांगू, वात संपली?"

शेजारच्या अमितने तोड काढली. "काकी, निरांजन विझवा. टॉर्च लावू."

चाळीस मोबाइल पेटले. सुभद्राबाईंनी ताटात फोन ठेवला, चाळीने सूर लावला आणि इंजिनावर असा लखलखाट झाला की जणू नाटकाचा पडदाच वर गेला.

"थांबा!" राजाराम ओरडले. टाळ गप्प.

थेंब त्या नटातून येतच नव्हता. वरच्या, पेट्रोल गाळणाऱ्या जाळीच्या बोल्टातून पाझरत होता आणि नळीवरून घसरून खाली नटावर येऊन बसत होता. दोन तास चाळीने एका निरपराधाला पिळलं होतं.

बोल्टाखालचा तांब्याचा वायसर, ती चपटी चकती, म्हातारा होऊन कडक झाला होता. तसला नवा आता मिळतो कुठे! पण तांबं लालबुंद करून पाण्यात टाकलं की मऊ पडतं, हे राजारामांना ठाऊक. ते वायसर घेऊन थेट सुभद्राबाईंच्या स्वयंपाकघरात शिरले. सांडशीत धरून गॅसवर तापवला, लाल झाल्यावर फोडणीच्या वाटीतल्या पाण्यात सोडला. चर्र झालं.

सुभद्राबाई बघत होत्या. "ह्याका ज्योत दाखवलीस ती चालली?"

"हो. गाडीपासून दोन मजले लांब."

"म्हणजे गाडीक ओवाळल्यासारखंच झालं की!" त्यांनी तिथल्या तिथे हात जोडले, वर गॅसलाही हळदकुंकू लावलं.

खाली वायसर बसला. बोल्टाला एकच पीळ. राजारामांनी पंप वीसदा मारला आणि बोट फिरवून हुंगलं. कोरडं, वास आला तो लसणीच्या फोडणीचा.

राजाराम स्टिअरिंगवर बसले; गाडीने दोन उचक्या दिल्या नि सुरू झाली. सुभद्राबाई मागच्या सीटवर बसल्या; पुढची, राजारामांच्या शेजारची, ह्यांची. चाळ दोन रांगांत टॉर्च धरून उभी राहिली आणि मधून फियाट स्वतःच्या इंजिनावर, डुलत डुलत फाटकाबाहेर पडली.

"सावकाश हाक रे," सुभद्राबाई म्हणाल्या. "ह्यांची हाडं दुखतात."

राजारामांनी पुढच्या रिकाम्या सीटकडे एकदा पाहिलं आणि खरोखरच वेग कमी केला.