काटा चढत नव्हता

रस्त्याच्या कामावर मी फिटर होतो तेव्हाची ही गोष्ट. आमचा जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, त्याला वर्ष झालं असेल. जिंतूरच्या अलीकडं आमचा कँप होता. चार तंबू, एक पत्र्याचं शेड आणि पाच ट्रक. त्यातला सगळ्यात मोठा ट्रक लढाईतून उरलेला, दणकट. बाकीच्यांना साधे ब्रेक होते, याला हवेचे. इंजिनाच्या बाजूला एक लहान कंप्रेसर पट्ट्यावर फिरायचा आणि हवा दाबून टाकीत भरायचा; टाकीत गेलेली हवा परत येऊ नये म्हणून तिच्या तोंडाशी वेगळी झडप होती. ड्रायव्हरनं पाय दाबला की ती हवा चाकांकडं जायची आणि ब्रेक लागायचे. टाकीत हवा नसली तर पाय दाबला काय आणि न दाबला काय, सारखंच.

तो ट्रक चालवणाऱ्याला सगळे मामा म्हणायचे. पिंगळीचा माणूस, पन्नाशीला आलेला. बोलणं कमी. एक दिवस सकाळी त्यांनी मला हाक मारली.

"मिस्तरी, काटा बघा जरा. इंजिन चालू करून दोन बिड्या संपल्या, तरी वर चढंना."

मी जवळ गेलो. समोरच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळातला काटा अर्ध्यावर येऊन डुगडुगत होता. मी इंजिन बंद करायला लावलं आणि काट्याकडं बघत बसलो. तो खाली पडेना. म्हणजे टाकी ठीक, नळ्या ठीक. तरी खात्री म्हणून साबणाचं पाणी करून एकेका जोडाला लावलं. कुठं बुडबुडा आला नाही. हवा गळत नव्हती, हवा तयारच होत नव्हती. दुखणं कंप्रेसरातच होतं.

मी साहेबाकडं गेलो. साहेब नवीन होते, मुंबईकडून आलेले. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात ते म्हणाले, "जे काय असेल ते रजिस्टरात लिहा. तोंडी काही सांगत जाऊ नका."

म्हणून मी लिहिलं. माझी शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. मराठी घरात बोलायचो, पण हात चालायचा तो उर्दूतच. आधीचे साहेब त्याच रजिस्टरातलं उर्दू वाचायचे, त्यामुळं मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. लिहिलं की मोठ्या ट्रकचा कंप्रेसर हवा कमी देतो, उघडून बघायला दोन दिवस गाडी उभी करावी लागेल, उतारावर गाडी नेऊ नये. खाली साहेबांची सही झाली. गाडी दुसऱ्या दिवशी खडी भरून निघाली. मी आठ दिवसांनी परत लिहिलं. परत सही. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा काटा अर्ध्यावरही येत नव्हता. तिसरी सही झाली आणि गाडी निघाली.

चौथ्या दिवशी ट्रक नाल्याच्या उतारावर सुटला.

खाली रस्त्यावर बाया टोपल्यांनी मुरूम टाकत होत्या. त्यांनीच नंतर सांगितलं. मामा भोंगा वाजवत आले, एका हातानं बाजूला व्हा, बाजूला व्हा करत. बाया पळाल्या, पण एक म्हातारी टोपलीसकट मधेच उभी राहिली. मामांनी गाडी डावीकडं शेताच्या बांधावर घातली. म्हातारी वाचली. मामांचा उजवा पाय गुडघ्यापासून चेचला गेला. त्यांना बाहेर काढायला आम्हाला तास लागला. त्या तासात ते दोनदाच बोलले. एकदा पाणी मागितलं आणि एकदा विचारलं, "बाई मेली का?"

मामांना परभणीला दवाखान्यात पोचवलं. आठवड्यानं साहेबांचा कागद निघाला, इंग्रजीत. मला तो वाचता येत नव्हता. कँपातल्या मुन्शींनी मला आडबाजूला नेऊन अर्थ सांगितला. ड्रायव्हरनं भरधाव गाडी हाकली, नुकसान केलं, त्याला कामावरून कमी करावं.

मला आजही तो क्षण आठवला की कानशिलं तापतात. मी मुन्शींना म्हणालो, "रजिस्टर घ्या आणि चला."

"कुठं?"

"साहेबापुढं."

"मला मधी घेऊ नका. मला पोरंबाळं हायेत."

"मामालाबी हायेत."

 मुन्शी रजिस्टर काखेत मारून माझ्यामागं आले, हे मी विसरलेलो नाही.

साहेब टेबलाशी बसले होते. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "साहेब, मामाची चूक न्हाई. कंप्रेसर बिघडलेला होता. मी तीनदा लिहिलंय."

"कुठे लिहिलंत?"

मुन्शींनी रजिस्टर उघडून समोर ठेवलं. साहेबांनी पान बघितलं. तोंड वाकडं करून म्हणाले, "ही काय लिपी आहे? हे कोणी वाचायचं?"

"वाचायचं कोणी ते मला ठाऊक न्हाई. सही तुमची हाय."

"सही म्हणजे रजिस्टर पाहिल्याची सही. मजकुराची नाही."

हे वाक्य त्यांनी इतक्या थंडपणानं म्हटलं की माझा हात टेबलावर आपटला. दौत कलंडली. साहेब उठून उभे राहिले. मी म्हणालो, "मुन्शी, वाचा." मुन्शींनी तिन्ही नोंदी मराठीत करून वाचल्या. उतारावर गाडी नेऊ नये, हे वाक्य तिन्हीत होतं.

साहेब म्हणाले, "सहीच्या वर कोरी जागा बघून हे तुम्ही आता लिहिलेलं नसेल कशावरून?"

मग मी कंप्रेसर त्यांच्यासमोर उघडायचं ठरवलं. ओढून आणलेला ट्रक शेडमध्ये उभा होता. पुढचा भाग चेपला होता, पण इंजिन चालत होतं आणि कंप्रेसर जागेवर होता. ओव्हरसियर आले, कामावरच्या बाया आल्या, मजूर आले. ती वाचलेली म्हातारी पुढंच येऊन बसली. साहेबांना नाही म्हणता येईना.

मी आधी टाकीकडं जाणारी नळी सोडली आणि इंजिन चालू केलं. ओव्हरसियरना म्हणालो, "अंगठा लावा इथं." त्यांनी लावला. "हवा येतीय?" "येते, पण परत आत ओढली जातेय." मी साहेबांना लावायला सांगितलं. त्यांनी रुमालात अंगठा गुंडाळून लावला आणि लगेच काढला.

इंजिन बंद करून मी कंप्रेसरचं डोकं, म्हणजे वरचं झाकण, खोललं. आत काजळी जमली होती, डांबरासारखी कडक. हवा ओढायच्या तोंडावरची जाळी मुरमाच्या धुळीनं बुजून गेली होती. दाबलेली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेची चकती मी चिमट्यानं उचलली. रुपयाएवढी, पातळ चकती, आणि तिचा चंद्रकोरीसारखा तुकडा उडालेला. तुटलेल्या कडेवर काजळीचा थर होता. मी तो नखानं खरवडून दाखवला. "हे गाडी आपटल्यावर तुटलेलं न्हाई. इतका थर बसायला कैक दिवस लागतात."

 म्हातारीनं चकती हातात मागितली. उलटीपालटी करून बघितली आणि साहेबाकडं बघत म्हणाली, "एवढ्यासाठी त्या माणसाचा पाय गेला व्हय?" साहेब शेडमधून निघून गेले.

मामांचा कागद रद्द झाला. कशामुळं ते कुणी सांगितलं नाही, कुणी माफी मागितली नाही. मला मात्र लेखी ताकीद आली, टेबलावर हात आपटल्याबद्दल. यापुढं रजिस्टरात उर्दू लिहायचं नाही, असंही त्यात होतं. नवी चकती मिळायची नव्हती, म्हणून मी तुटलेल्या करवतीच्या पात्याचं पोलाद तापवून, कापून, घासून चकती बसवली. जाळी रॉकेलमध्ये धुतली, काजळी खरवडली, दट्ट्यावर अडकलेल्या रिंगा सोडवल्या. काटा सात मिनिटांत वर गेला. साऱ्या कामाला दीड दिवस लागला होता. दीड दिवस. मी तो ट्रक धुतला आणि शिव्या देत राहिलो. साहेबाला दिल्या, खात्याला दिल्या, आणि कुणाला द्यायच्या राहिल्या आहेत हे मला तेव्हा कळत नव्हतं.

ते मामांनी सांगितलं. मी दवाखान्यात गेलो तेव्हा ते उशाला टेकून बसले होते. पाय वाचला होता, पण आता तो वाकणार नव्हता. मी सगळी हकिगत सांगितली. झडप, म्हातारी, साहेबाचं तोंड. मला वाटलं, खूश होतील.

 ते म्हणाले, "तुमाला म्हाईत होतं ना?"

"काय?"

"उतारावर न्यायची न्हाई ते."

"लिहिलं होतं की मी. तीनदा."

"रजिस्टराला सांगितलं तुमी. मला कवा सांगितलं?"

मी त्यांना म्हणालो होतो, चालवून घ्या मामा, मी लिहिलंय. याची आठवण त्यांनी करून दिली नाही. मलाच आठवलं. सकाळी गाडी निघताना मी शेडच्या दारात उभा असायचो आणि ती निघून जायची. दोन बोल्ट सोडले असते, पट्टा काढून खिशात घातला असता, तरी गाडी हलली नसती. पण मी लिहून मोकळा झालो होतो.  मी आणलेली केळी ठेवली आणि उठलो.

कँपावर मी पुढं आणखी काही महिने राहिलो. हिवाळ्यात दुसऱ्या एका ट्रकचं पुढचं चाक हलायला लागलं. साहेब म्हणाले, लिहून ठेवा, आज खडी पोचली पाहिजे. मी मराठीत लिहिलं, पहिलीच्या पोरासारख्या वेड्यावाकड्या अक्षरात. मग गाडीखाली गेलो, चाकाच्या मधलं बेअरिंग काढलं, जुन्या धोतरात गुंडाळलं आणि जिंतूरच्या बसमध्ये जाऊन बसलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा गाडी जागेवरच होती आणि साहेब शेडच्या दारात उभे होते. त्याच दिवशी मला कामावरून काढलं.