बंदरावरचा कोळसा आणि निळीची बाई

निळीच्या बाईला आपल्या धाकट्या दिराचं तोंड बघवत नसे, आणि हे ती त्याच्या तोंडावर सांगायची. बंदरामागच्या गल्लीत तळमजल्यावर तिची लाँड्री होती. दवाखान्याच्या चादरी धुवायच्या, नीळ द्यायची, गच्चीवर वाळवून इस्त्री करायची. नवरा गेल्यापासून हा गाडा तिनं एकटीनं ओढला होता.

पूर्वी शहराला धरणावरची वीज पुरायची. मग अॅल्युमिनियमचा कारखाना आला. त्याचा माल जहाजानं दूरच्या देशांत जायचा, आणि त्याची भूक धरणाला भागवेना. म्हणून बंदराशेजारी वीजकेंद्र उभं राहिलं आणि परदेशी कोळशाचे ढीग उघड्यावर पडू लागले. वारा सुटला की काळी भुकटी थेट गच्चीवर.

दीर त्याच ढिगांवर लोडर चालवायचा. वरच्या मजल्यावर राहायचा, जिन्यात काळी पावलं उमटवत जायचा. एकदा बाईनं त्याला तिथंच गाठलं.

"तुझ्या कोळशानं माझं धुणं नासलं."

"माझा कसला? मी नुसता उचलतो. कुठून येतो, कुणासाठी जळतो, मला काय त्याचं?"

"खातोस तर त्याचंच ना."

"मग उपाशी मरू? आणि वहिनी, तुझं साबणाचं पाणी कुठं जातं ते बघ आधी. नाल्यात एक मासा उरलाय का?"

हे खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. त्यानंतर दोन्ही घरांतलं जाणं-येणं तुटलं. नळाला पाणी आल्याचं वरून धाकटी जाऊ सांगायची, तेही बंद झालं.

करड्या चादरी बघून दवाखान्यानं शेवटी काम काढून घेतलं. बाईनं त्यांतलीच एक चादर काखोटीला मारली आणि तडक वीजकेंद्र गाठलं. कारखान्याचा माल घेणारे परदेशी पाहुणे तिथं पाहणीला आले होते. चहाच्या टेबलावर तिनं चादर पसरली. एका पाहुण्यानं ती चिमटीत चोळली, काळं झालेलं बोट बघितलं आणि काहीतरी विचारलं. वीजकेंद्राच्या मोठ्या साहेबांनी हसून उत्तर दिलं.

साहेब तिला बाहेर काढू लागले, तशी बाई म्हणाली, "काय सांगितलंत त्यांना?"

"धूळ आहे म्हणालो. या भागात वारा फार असतो, बाई."

"वारा असतोच, साहेब. वाऱ्यावर तुम्ही आम्हाला सोडलंय."

पुढं ढिगांना उंच हिरवी जाळी लागली, पण पाहुण्यांच्या गाड्या येतात त्याच बाजूला. गच्चीकडची बाजू उघडीच राहिली. पाहुण्यांच्या देशात कोळशाची केंद्रं कधीच बंद झालीत, तिथली हवा आरशासारखी आहे, हे दीरच गल्लीत कौतुकानं सांगत होता. ऐकून बाई थुंकली.

पोटासाठी तिनं जुना ड्रायर घेतला, खिडक्या बंद केल्या आणि हॉटेलांचं काम धरलं. ड्रायर वीज प्यायचा, आणि वीज कोळशाचीच.

"म्हणजे आता तुझ्यासाठीही मीच कोळसा उचलायचा," दीर दारातून म्हणाला.

बाईनं ड्रायरचं बटण दाबलं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कधीच बोलली नाही. पुढं त्याला खोकल्यानं अंथरुणाला खिळवलं, तरी वर गेली नाही. काळे डाग पडलेले उशीचे अभ्रे घेऊन जाऊ खाली आली, तेव्हा बाईनं ते घेतले. धुतले, नीळ दिली, वाळवून जिन्यात ठेवले. जाऊ काही बोलणार, तोच तिनं दार लावून घेतलं.