नेमका देश

एवढ्याशा देशाचा एवढा मोठा अभिमान बाळगणारा माणूस लंडनजवळच्या स्लाऊमधल्या माझ्या घरमालककाकांसारखा दुसरा नसेल. गंमत म्हणजे तो देश त्यांचा नव्हता. काका मूळचे नगरकडचे, पासपोर्टाने ब्रिटिश आणि मनाने लक्झेंबर्गचे. तिथल्या विमानतळाच्या मालगोदामात त्यांनी चार वर्षं काम केलं होतं. पुढे ते हीथ्रोजवळच्या गोदामात आले. पण 'आमच्याकडे' म्हणाले की ते नगरबद्दल बोलत नाहीत, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. सकाळी जिन्यात भेटले की ते "मोयेन" म्हणायचे. तो तिकडचा नमस्कार. शेजारच्या पंजाबी आजीही त्यांना मोयेन म्हणायच्या, तो मराठी शब्द आहे अशा समजुतीने. अंतर मोजायचं मापही तेच. "रेडिंगला जाऊन आलास? म्हणजे आमचा देश आडवा ओलांडलास." त्या देशाला लहान म्हणायची मात्र सोय नव्हती. "लहान नाही रे, नेमका. लागतो तेवढाच." मग तिथल्या कामाची गोष्ट सुरू व्हायची. "माझ्या शिफ्टला एक जण जर्मनीतून यायचा, एक फ्रान्समधून, एक बेल्जियममधून. सगळे वेळेवर. उशीर फक्त मला व्हायचा, कारण मी जवळ राहायचो."

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट दशम्यांची. तिथे गेल्यावर पहिल्याच सुट्टीत काका-काकू देशाच्या उत्तर टोकाला निघाले. देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचं म्हणजे काय, याची कल्पना दोघांनी आपल्याकडच्या हिशोबाने केली होती. काकूंनी तीन वेळच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली, उशीला हवा भरली. तासाभरात शेवटचं स्टेशन आलं. पुडकं उघडायच्या आत देश संपला. भरलेलं पुडकं घेऊन घरी परतायला काकू तयार होईनात. म्हणून दोघं पुढच्या गाडीने बेल्जियममध्ये गेले आणि तिथल्या पहिल्या स्टेशनच्या बाकावर बसून जेवले. तेव्हापासून त्यांच्या घरी नियम झाला: दशम्या सीमा ओलांडल्याशिवाय उघडायच्या नाहीत. मी राहायला गेलो तेव्हा काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. दशम्या काका स्वतः करायचे. त्या गोल नसायच्या.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. इथे वर्गात कुणी गाव विचारलं की मी "पुण्याजवळ" म्हणायचो. खरं तर पुणं आमच्यापासून एसटीने सहा तास. २००६ च्या त्या टर्ममध्ये, पहिल्या प्रेझेंटेशनला मी उभा राहिलो आणि तोंडातून शब्दच फुटला नाही. ट्युटरबाईंनी आणखी एक संधी दिली. त्यातही गप्प राहिलो असतो तर मी नापास, आणि गावी काय सांगायचं, याचा विचारही मला झेपत नव्हता. विषय होता, एखाद्या प्रदेशातला रोजचा प्रवास. काकांनी मला निवडू दिलंच नाही.

आठवडाभर स्वयंपाकघरात सराव चालला. काका कोट घालून खुर्चीवर बसायचे आणि मी 'स्मॉल कंट्री' म्हटलं की हात वर करायचे. "सर, ऑब्जेक्शन."

"काका, हे कोर्ट नाही."

"मग तू आरोपीसारखा का उभा आहेस?"

प्रेझेंटेशनच्या सकाळी त्यांनी दशम्यांचं पुडकं हातात दिलं. "नियम माहीत आहे ना?"

मी बोललो. आधी कागदात बघत. जवळ राहणाऱ्यालाच उशीर होतो, या वाक्यावर वर्ग हसला आणि माझे पाय जमिनीला टेकले. शेवटी बाईंनी विचारलं, "आणि तुमच्याकडे लोक कसा प्रवास करतात? नेमकं कुठून आलात तुम्ही?" 'पुण्याजवळ' ओठांवर आलं होतं. पण मागच्या बाकावर कोट घालून कुणीतरी हात वर करतंय असं मला वाटलं. मी म्हणालो, पिंपळवाडी. एसटी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. चुकली तर दुधाचा टेम्पो. कंडक्टर आईला नावाने ओळखतो. बाईंनी फळ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा मी ते नाव खडूने लिहिलं. ते तिथे पहिल्यांदाच कुणी लिहिलं असेल.

पास झालो, असं बाईंनी तिथेच सांगितलं. पुडकं न उघडताच घरी आलो तर काका दारातच उभे. मी सगळं सांगितलं. ते गावाच्या नावाशी थांबले. "फळ्यावर लिहिलंस?"

"हो."

त्यांनी मान हलवली, दोनदा. बोलायची सवय नुकतीच लागली होती, म्हणून जे वर्षभर विचारलं नव्हतं ते विचारून टाकलं. "काका, तुम्ही परत एकदा का नाही गेलात तिकडे?"

त्यांनी पुडक्याच्या गाठीवरून बोट फिरवलं. "देश नेमका आहे रे. तिथे असं एकही स्टेशन नाही, जिथे ती माझ्याबरोबर उतरली नाही."

मग त्यांनी दोन ताटल्या मांडल्या आणि पुडकं माझ्याकडे सरकवलं.

"उघड आता. सीमा ओलांडलीस तू."