न पोहोचवलेलं पत्र

ही गोष्ट मी आठ वर्षं टाळली. बायकोला सांगितली तीही गेल्या वर्षी, नाइलाजाने. आता लिहितो, कारण बोलायला गेलो की माझ्याकडून विषय बदलला जातो.

आखातातल्या मीना अल-अहमदी या तेलाच्या बंदरात एका कंत्राटदाराकडे मी पाइपलाइनच्या तपासणीचं काम करायचो. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना आमच्याकडे एक मुलगी आली. पासपोर्ट फ्रान्सचा, चेहरा व्हिएतनामी. सात महिन्यांची असताना एका फ्रेंच जोडप्याने तिला तिकडून दत्तक नेलं होतं. कॅन्टीनमधले फिलिपिनो तिच्याशी हटकून आपल्या भाषेत बोलायचे. ती हसायची. "अंकल, मी सगळ्यांना शेजारची वाटते, घरची कुणालाच नाही."

मग मला सहा आठवड्यांच्या कामासाठी व्हिएतनामला पाठवायचं ठरलं. इथून कुणी निघालं की चार जण पाकिटं घेऊन येतातच. मी जन्मभर लोकांची औषधं, पापड, चष्मे नेले-आणले. तिनेही एक पाकीट दिलं. आत कुणाकडून तरी व्हिएतनामीत लिहून घेतलेलं पत्र, तिचा फोटो आणि दत्तकाच्या कागदांत सापडलेला आईचा पत्ता.

"तू स्वतः का जात नाहीस?"

"दोनदा तिकीट काढलं, दोनदा रद्द केलं. तिने दार लावून घेतलं तर? तुम्ही आधी बघून या, अंकल. ती ये म्हणाली तर मी दुसऱ्या दिवशी निघते."

"अगं, एवढंच ना? देतो की नेऊन."

ते गाव आमच्या साइटपासून बसने दोन तासांवर होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता शेवटचा रविवार उरला. त्या दिवशी बरोबरचे लोक बाजाराला निघाले. मीही गेलो. बायकोसाठी रेशमी कापड घेतलं.

परत आल्यावर खरं सांगायची लाज वाटली. पाकीट तिच्या हातात ठेवून म्हणालो, "घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, बाई केव्हाच गाव सोडून गेल्या."

"कुठे?"

"त्यांना नाही माहीत."

तिने पाकीट पर्समध्ये ठेवलं. मग म्हणाली, "अंगणात काही होतं?"

"आंब्याचं झाड होतं." हे का बोललो, मला आजही कळत नाही. तिचा चेहरा मात्र क्षणभर उजळला.

तिने शोध थांबवला. वर्षभरात नोकरी सोडून फ्रान्सला परत गेली.

गेल्या वर्षी तिचा मेसेज आला. शेवटी ती स्वतः जाऊन आली होती. आई जन्मभर त्याच घरात राहिली. ही पोहोचायच्या चार महिने आधी वारली. खाली लिहिलं होतं, "अंकल, शेजारी तुमच्याशी खोटं का बोलले असतील?"

बायकोला तेव्हा सगळं सांगावं लागलं. ती म्हणाली, "अहो, फोन करा आणि सांगून टाका. रडेल, शिव्या देईल. त्या बिचाऱ्या शेजाऱ्यांवरचा आळ तरी जाईल."

मी फोन लावला. ती आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करत बसली. मग म्हणाली, "तुम्ही तरी तिच्या दारापर्यंत गेलात. माझ्यासाठी तेवढंही कुणी केलं नव्हतं."

मी म्हणालो, "तब्येतीला जप." फोन ठेवला.

त्यानंतर तीनदा लावला आणि रिंग जायच्या आत तोडला. इथेच, खैतान भागात मुलाच्या घरी दुपारी एकटा असतो, तेव्हा मोठ्याने म्हणून बघतो. तेव्हा नीट जमतं. पोरी, मी गेलोच नव्हतो. तुझी आई तिथेच होती. मला माफ कर.