मामांच्या नावाने वाचलेली चिठ्ठी

उद्या आमच्या लातूरच्या कॉलेजचं गॅदरिंग आहे आणि रविवारपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. सकाळपासून तीनदा चहा केला, तिन्ही वेळा गार करून ओतून दिला.

मी इतिहास शिकवतो, तोही तासिका तत्त्वावर. म्हणजे मी हवा की नको, हे संस्थेचे अध्यक्ष दर जूनमध्ये नव्याने ठरवतात. गेल्या वर्षी फ्रान्सच्या दरबारातले विदूषक शिकवताना मला भलताच चेव आला होता. आख्यायिका अशी, की शत्रूने राजाचं आरमार समुद्रात बुडवलं आणि ते त्याला सांगायला एकही सरदार धजेना. शेवटी विदूषक पुढे झाला. म्हणाला, शत्रू फारच भित्रे, आपल्या शूरांसारख्या त्यांनी पाण्यात उड्या नाही टाकल्या. वर्ग खो खो हसला. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "बघा, ज्याला सगळे वेडा म्हणतात तोच खरं बोलतो." माझंच वाक्य मला फार आवडलं.

पोरांनी मग गॅदरिंगला फ्रेंच दरबाराचा प्रवेश बसवला. दोन शिंगांची, घुंगरं लावलेली टोपी शिवली. प्रवेश संपल्यावर ती माझ्या डोक्यावर चढवली, कारण फिशपाँड दरवर्षी मीच वाचतो. निनावी चिठ्ठ्यांतून काढलेले चिमटे ते. त्या दिवशी कुणी कुणावर रागवायचं नाही, असा रिवाज.

चौथी की पाचवी चिठ्ठी उघडली. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "अध्यक्षसाहेबांसाठी. पाहुणे आले की मुलींच्या संडासाचं कुलूप निघतं. एक दिवस आम्हालाच पाहुणे करा की!"

साहेब समोरच सोफ्यावर बसलेले. मी माइकवर वाचलं, "शिपाईमामांसाठी." पुढचे शब्द तेच.

सभागृह दणाणलं. साहेब तर पोट धरून हसले. मामा पाण्याचा जार घेऊन दाराशी उभे होते, तेही ओशाळून हसले. कुलपाची चावी साहेबांच्या हुकमाने ऑफिसच्या कपाटात असते, हे मला माहीत होतं. मामांना आणि साहेबांनाही.

आठवड्याभरात 'मुलींची तक्रार' म्हणून मामांची बदली शिरूर अनंतपाळच्या शाखेत झाली. जूनमध्ये मला पुन्हा तासिका मिळाल्या. लाज वाटली, तरी घेतल्या.

यंदा तोच धडा पुन्हा आला. फ्रेंच दरबारातला विदूषक नुसता खरं बोलणारा नसतो. राजाच्या जोरावर दुबळ्यांची टर उडवणाराही असतो. हा भाग मी गेल्या वर्षी गाळला होता. या वेळी शिकवायला गेलो आणि मध्येच पुस्तक मिटलं.

रविवारी शिरूरची बस धरली. मामांनी खोलीतली एकुलती खुर्ची मला दिली.

"सर, तुमी येवढ्या लांब? लई बरं वाटलं."

चहा झाला. मग तेच हळूच म्हणाले, "एक इचारू का? ती चिठ्ठी कोन्त्या पोरीनं लिवली व्हती? बदलीचं काय न्हाई सर. पन पोरी मला मामा म्हनायच्या. मी कुनाचं काय वाईट केलतं, तेच डोक्यात फिरतंय."

मी पाकिटातून चिठ्ठी काढून दिली. वर्षभर ती मला फाडता आली नव्हती. मामांनी ओळीवर बोट फिरवत वाचली, पुन्हा वाचली.

"म्हंजी पोरींनी माझ्यावर न्हाई लिवलं?"

"नाही मामा. तुमचं नाव मी घातलं."

त्यांनी डोळे पुसले. मला वाटलं, आता बोलतील. चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. ते चिठ्ठीकडेच बघत होते आणि चेहऱ्यावर एवढा आनंद होता की मला तिथे बसवेना.

उठलो तेव्हा त्यांनी विचारलं, "औंदा बी तुमीच वाचनार?"

"हो."

चिठ्ठीची नीट घडी घालून त्यांनी ती माझ्या हातात ठेवली. "मंग हीच वाचा सर. जशी हाय तशी."

टोपी धुऊन अंगणात दोरीवर टाकली आहे. वाऱ्याने घुंगरू वाजलं की दचकतो. सकाळपासून पाच वेळा चिठ्ठी मोठ्याने वाचून पाहिली. 'अध्यक्षसाहेबांसाठी' म्हणताना आवाज अजून बसतो.