तीन वॅटचं स्थळ

आमच्या जव्हारात लग्नं जमवणारे पुष्कळ आहेत. पण अ‍ॅम्प्लिफायरसाठी स्थळं बघत हिंडणारा माणूस उभ्या जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझ्या भिंतीपलीकडे राहतो. या शेजारच्या काकांनी काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्वतः बनवलाय. ताकद जेमतेम तीन वॅट. व्हॉल्व्ह तापेपर्यंत काका समोर चहा घेऊन बसतात आणि आल्यागेल्याला सांगतात, "थांबा, तो उठतोय." हल्लीच्या स्पीकरांची भूक दांडगी, तीन वॅट त्यांच्या दातालाही लागत नाहीत. एकदा हळदीत डीजे वाजवणाऱ्याकडून काकांनी कपाटाएवढा खोका आणून जोडला, तर रेडिओवर बातम्या देणारी बाई विहिरीत पडल्यासारखी बोलू लागली. काकांनी निकाल दिला, "घर मोठं आहे, पण आपल्या मुलीचे हाल होतील." अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरचे ओहमचे आकडे जुळणं म्हणजे त्यांच्या लेखी नुसती पत्रिका जुळणं. त्यानंतर स्पीकरच्या कागदी पडद्याला टिचकी मारायची, कान लावायचा आणि नाक मुरडायचं, हे ठरलेलं.

हा सगळा खटाटोप एका कॅसेटसाठी. काकू नागली पाखडताना गुणगुणत, ते काकांनी एकदा त्यांच्या नकळत टेप केलं होतं. काकू गेल्यापासून ती कॅसेट लागलेली नाही. भलत्या स्पीकरवर तिचा आवाज ऐकणार नाही म्हणतात. शिवाय फीत जुनी. एकदा वाजेल, पुन्हा वाजेलच असं नाही. काकूंची गुणगुण भिंतीतून मलाही ऐकू यायची. फार आठवण येते तिची.

गेल्या बाजारी खोडाळ्यात जुनं सामान विकणाऱ्या म्हाताऱ्याकडे लाकडी पेटीतला मोठा स्पीकर दिसला. काका नुसतेच बघत राहिले, तेव्हा म्हातारा म्हणाला, "ने रं बाबा, चांगला हाय." घरी आणून जोडला, रेडिओ लावला, आणि बातम्या देणारी बाई खोलीतच येऊन बसली. तिने दोन वाक्यांमध्ये घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. मी म्हटलं, काका, जमलं, आता कॅसेट काढा.

 काकांनी उठून स्पीकरची वायर सोडवली. खालचे सूर कमी पडतात म्हणाले. काहीही कमी पडत नव्हतं, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं.

"ऐकलं की संपलं रे," ते वायर गुंडाळत म्हणाले. "अजून तिचं ऐकायचं राहिलंय, एवढं तरी राहू दे."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, मोखाड्याला कुणाकडे जुना स्पीकर आहे म्हणतात, रविवारी येतोस का बघायला. मी येतो म्हणालो.