काटकोन सरांचा गोष्टीचा तास

शाळेत त्यांना सगळे काटकोन सर म्हणत. तोंडावर नाही, अर्थातच. ते भूमिती शिकवायचे आणि फळ्यापुढे ताठ उभे राहायचे. कुणाचं गणित चुकलं तर रागवायचे नाहीत, उत्तराखाली नुसती एक सरळ रेघ मारायचे. भाषेच्या बाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या, तेव्हा मुख्याध्यापिकांनी आठवीचा गोष्टलेखनाचा तास त्यांच्या गळ्यात मारला. त्या वेळेला तेच एकटे मोकळे होते.

"पण मला गोष्टीतलं काय कळतं?" सर म्हणाले.

"पात्रं आणि संवाद, एवढंच घ्यायचंय. मुलं मोठी आहेत आता, करतील काहीतरी."

सरांनी आपल्या परीने तयारी केली. पात्राचं वय काय, उंची किती, आवडता रंग कोणता, असे प्रश्न फळ्यावर लिहून दिले. मुलांनी उत्तरं भरली आणि गोष्टी लिहिल्या. पण चोर, पोलीस, आजोबा आणि पोपट, सगळे एकाच आवाजात बोलत होते. 'मित्रा, तू कसा आहेस?' 'मी मजेत आहे, मित्रा.' वाचताना सरांना खटकत होतं, पण काय खटकतंय त्यावर बोट ठेवता येईना. ताळा करून बघावा, तर उत्तरच कुठे नाही.

"घरी असं बोलतं का कोणी?" त्यांनी शेवटी वर्गालाच विचारलं.

"आमचे आजोबा असं बोलायला लागले तर आई डॉक्टरांना बोलावेल," पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला.

"मग कसं बोलतात ते?"

"आधी खोकतात. मग म्हणतात, माझा चष्मा कोणी घेतला?"

"तसंच लिहा. घरी, दुकानात, जिन्यात कान देऊन ऐका आणि मग लिहा." हे सांगितलं ते बरोबर की चूक, सरांना कळलं नाही.

पुढच्या तासाला सगळ्यात उंच मुलगी, जिला वर्ग जिराफ म्हणायचा, आपली गोष्ट वाचायला उभी राहिली. गोष्टीत फक्त नवरा-बायको होते.

'पडदे बदलायचे का?' 'बघू.' 'सुट्टीत कुठे जायचं?' 'बघू.' 'मग मी एकटीच जाऊ?' 'बघू.' बायको चपला घालते, दार ओढून घेते. नवरा पेपरातून डोकं वर न काढता परत म्हणतो, 'बघू.'

"संपली," जिराफ म्हणाली आणि खाली बसली.

वर्ग खदखदून हसला. सरांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. 'बघू' हा घरी त्यांचाच शब्द होता. या पोरीला तो कुठे ऐकू गेला?

"हे तुझे बाबा का?"

"नाही सर. माझे बाबा थांबतच नाहीत बोलायचे."

"मग कोण?"

"कोणीच नाही. सुचला मला तो माणूस."

"आणि ती बायको गेली कुठे?"

"ते नाही सुचलं अजून."

यावर वर्गात जुंपली. कोणी म्हणालं बहिणीकडे गेली, कोणी म्हणालं कोपऱ्यावरून परत आली, एकाला तर ती गेलीच नाही असं वाटत होतं, नुसतं दार वाजवलं. सर मध्ये उभे राहून एकदा याचं, एकदा त्याचं ऐकत होते. सगळ्यांचंच पटत होतं.

संध्याकाळी बायकोने चहाचा कप पुढे ठेवला आणि म्हणाली, "मी म्हणत होते, पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास सुरू करावा."

सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय झालं?"

"काही नाही. किती जणी येतील?"

"तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. मशीन कुठे ठेवायची?"

"आता मला काय माहीत?" ती खुर्चीत बसली. "तुम्ही नेहमीचंच बोलणार म्हणून मी पुढचा विचारच केला नव्हता. कपाट हलवायला लागेल का?"

दोघं उठून पुढच्या खोलीत गेले आणि कपाटाकडे पाहत उभे राहिले. बराच वेळ काहीच ठरलं नाही, पण दोघांनी मिळून बोलायला सुरुवात केली होती.

शिवणाचा क्लास सुरू झाला. बाई रजेवरून आल्या तेव्हा सरांनी जिराफची गोष्ट त्यांच्यापुढे धरली. "हिला दहापैकी किती द्यायचे?"

"तुम्ही किती दिलेत?"

"आधी आठ लिहिले, मग खोडले."

बाई हसल्या. तास त्यांनी परत घेतला, पण सर मोकळे असले की मागच्या बाकावर येऊन बसतात. गोष्ट चांगली कशाने होते, ते त्यांना अजून सांगता येत नाही. कधी कधी हात वर करून मुलांनाच विचारतात.